तीन बोटांची भाकरी

सोलापूरकराला डोंगराची सवय कुठून असणार? आमच्याकडे जमीन परातीसारखी सपाट. कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाने तोवर सर केलेलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे पाण्याच्या टाकीची गच्ची, आणि तिथेही आम्ही टाकीत कबुतर पडलं म्हणून चढलो होतो. त्यामुळे शेवटच्या वर्षी फलकावर ‘सह्याद्री : दोन दिवस गिर्यारोहण आणि ग्रामसंस्कृतीचा अनुभव’ अशी सूचना लागली, तेव्हा पहिला अर्धा भाग वाचून आम्ही घाबरलो आणि दुसरा वाचून हसलो.

हसण्याचं कारण असं, की नावं दिलेल्या बावीस जणांपैकी चौदा-पंधरा जण खेड्यातलेच होते. कुणी सांगोल्याकडचा, कुणी जेऊरची, कुणी मैंदर्गीचा. गावातून सुटायचं म्हणून ही मंडळी शहरात शिकायला आलेली, आणि आता गाव बघायला दोन-अडीचशे किलोमीटर जाणार होती. पण तसं बोलून कोण दाखवणार? सांगोल्याकडच्या माझ्या मित्राच्या घरी दीडशे मेंढरं होती. कार्यक्रमपत्रिकेत ‘शेळ्यांसोबत एक तास’ असं होतं, त्यासाठी सगळ्यांत आधी त्यानेच नाव दिलं.

मी तरी त्याला कोणत्या तोंडाने हसणार? माझं सोंग त्याच्यापेक्षा मोठं होतं.

आम्हीही मूळचे सांगोला तालुक्यातलेच. मी चौथीत असताना आईवडील सोलापुरात आले. वडील एका गोदामावर राखणीला लागले आणि आई कडक भाकरी करून चौकातल्या दुकानाला द्यायला लागली. त्या दुकानाला चार-पाच बायका भाकरी देतात. कुणाची भाकरी कुठली हे कळावं म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली असते. एक जण काठाला चिमटा काढते, एक जण मधोमध नखाने रेघ ओढते. माझी आई भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की काठाला तीन बोटं टेकवते. भाकरी वाळून कडकडीत झाली तरी ते तीन खळगे तसेच राहतात. दहावीपर्यंत शाळेतून आलो की मीही तिच्याबरोबर परातीशी बसायचो. माझी भाकरी तिच्या चळतीत घातली तर दुकानदाराला ओळखू यायची नाही, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

कॉलेजात गेल्यावर तो अभिमान कुठे गेला कळलं नाही. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या घरी कोण काय करतं असा विषय निघाला आणि मी म्हणून गेलो, “आईचं केटरिंग आहे.” तसं बघितलं तर खोटं नव्हतं. पण ते केटरिंग माझ्या परवानगीशिवाय वाढत गेलं. दुसऱ्या वर्षापर्यंत मित्रांच्या मनात माझ्या आईच्या हाताखाली दहा आचारी होते. एकाने तर बहिणीच्या लग्नासाठी तारीख विचारली, आणि मीही शहाण्यासारखं सांगितलं, “लग्नसराईत अवघड आहे, आधी बोलायला हवं होतंस.” त्या दिवसापासून मी कुणालाही घरी येऊ दिलं नाही.

तर सहलीच्या चार दिवस आधी मंडळाच्या सरांनी जाहीर केलं, की शिदोरी आपल्या सोलापूरचीच असेल, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी चौकातल्या दुकानात सांगितली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी गेलो तर आई घामाघूम होऊन थापत बसलेली.

“कुटल्या तरी कालेजच्या पोरांची टिरिप हाय म्हनं डोंगराला,” ती म्हणाली. “साट भाकरी सांगितल्यात. तुमचीच का रं?”

“नाही,” मी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणालो. “दुसऱ्या कॉलेजची असेल. आमची जेवायची सोय तिकडेच आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला. पोरं डोंगर चढणार, त्यांना भूक लई लागंल, असं म्हणत तिने त्या भाकऱ्यांवर नेहमीपेक्षा जास्त तीळ पेरले. निघायच्या दिवशी माझ्या हातात तिने वेगळा डबा दिला. त्यात धपाटी होती.

डोंगराच्या पायथ्याशी आम्ही सकाळी पोहोचलो. गावाच्या तोंडावर ‘अस्सल ग्रामजीवन’ अशी पाटी होती आणि पाटीखाली आमचे वाटाड्या मामा धोतर नेसून, फेटा बांधून उभे होते. धोतराखाली धावायचे बूट. पाहुणे आले की धोतर, गेले की जीन्स, असं त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच मोकळेपणाने सांगून टाकलं. खोटं वागायचं तर असं मोकळं वागावं, असं मला वाटून गेलं.

चढण सुरू झाली. सर पुढे शिट्टी वाजवत होते. निम्म्या वाटेनंतर शिट्टी नुसतीच त्यांच्या गळ्यात राहिली आणि त्यांचा श्वास आम्हा सगळ्यांना ऐकू यायला लागला. मामा मात्र साठीतले असून फोनवर कुणाशी तरी भाताच्या लावणीबद्दल बोलत चढत होते. माथ्यावर पोहोचल्यावर आम्ही आधी फोटो काढले, मग आडवे झालो, आणि मग शिदोरी सुटली.

भाकरी हातोहात फिरली. मी माझा डबा उघडला आणि ‘मला ते कडक प्रकरण आवडत नाही’ असं न विचारताच सांगून टाकलं. पहिल्यांदा सगळ्यांनी नीट खाल्ली. पण माणसं बावीस आणि भाकरी साठ, तेव्हा पोटं भरल्यावर मस्करी सुरू झाली. कुणी विचारलं, ही खायची का पायरीला बसवायची? कुणी डोक्यावर टोपीसारखी ठेवून फोटो काढला. मग एकाने मनगटाला झटका देऊन एक भाकरी दरीच्या बाजूला भिरकावली. ती फार सुरेख तरंगत गेली. शिट्ट्या वाजल्या. दुसरी गेली, तिसरी गेली, आणि चौथी कुणीतरी माझ्या हातात कोंबली. “टाक की! बघू तुझी कुठवर जाते!”

माझा अंगठा नेमका काठावरच्या खळग्यात बसला. एक, दोन, तीन. मला ते बघायचीही गरज नव्हती. ‘नको’ म्हणायला एक शब्द पुरला असता, पण मग ‘का नको’ आलं असतं, आणि त्या ‘का’च्या मागे आमची पत्र्याची खोली, तवा, परात सगळंच आलं असतं. मी फेकली. सगळ्यांत लांब माझीच गेली. मित्रांनी पाठीवर थापा मारल्या, मी हसलो, आणि त्या क्षणी मला माझी जेवढी किळस आली तेवढी पुन्हा कधी आलेली नाही.

मामा उठले, त्या उतारावर जपून खाली गेले आणि कारवीच्या झुडपांत शोधाशोध करून तीन भाकरी घेऊन वर आले. चौथी सापडली नव्हती. उपरण्याने माती झटकत म्हणाले, “खायाची वस्तू हाय. तुमी न्हाई खाल्ली तर गुरं खात्याल.” मग त्यांनी त्या आपल्या पिशवीत ठेवल्या. सरांना हे ऐकून एकदम भरून आलं. त्यांनी आम्हाला दहा मिनिटं उभं करून निसर्गात कचरा का टाकू नये, यावर भाषण दिलं.

दुपारनंतर ग्रामसंस्कृती होती. मामांच्या अंगणात जातं मांडलेलं. मावशी, म्हणजे मामांची बायको, हसत म्हणाल्या, “आमच्यात गिरण हाय की, पर पाव्हण्यांस्नी जातंच लागतंय. म्हणून खालच्या बाजारातनं भंगारातलं आणलं.” पुढे गाईची धार काढायचा कार्यक्रम. आमच्यातली जेऊरची मुलगी सुट्टीत घरी गेली की दोन म्हशींची धार काढते, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती ‘ई, मला भीती वाटते’ असं किंचाळत गाईपाशी गेली. पण बसली ती बरोबर उजव्या अंगाला, कासेला पाणी लावून. गाय कान हलवत निमूट उभी राहिली. माझ्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं, आणि मला मनातल्या मनात फार हसू आलं. ते हसू माझ्यावर उलटायला तासभरच लागला.

शेवटचा कार्यक्रम भाकरी करण्याच्या स्पर्धेचा. नाचणीचं पीठ, मातीची चूल. मामांनी पिशवीतल्या भाकरी मावशींपुढे ठेवल्या. मावशींनी एक उचलली, उलटीपालटी केली आणि पोरींना दाखवायला लागल्या.

“जिनं केल्यात तिचा हात लई तयार हाय बगा. किती पातळ, तरी कुटं फाटली न्हाई. आन ह्यो काठ. तिन्ही भाकरीला एकाच जागी तीन बोटं टेकवल्यात. तिची खूण आसंल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. दरीत फेकताना न दिसलेल्या भाकरीचे आता जवळून फोटो निघाले. मी मागे सरकलो, पण सर नावं पुकारत होते.

मी ठरवलं, बिघडवायची. नाचणीचं पीठ ज्वारीपेक्षा हट्टी, त्यामुळे फार सोंग करावं लागणार नव्हतं. मी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी अशी थापली. हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. “केटरिंगवालीचा मुलगा!” कुणीतरी ओरडलं. मीही हसत ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मित्राच्या कुठल्याशा टोमण्याला उत्तर द्यायला मान वळवली.

परत वळून बघितलं तेव्हा मावशी तव्याकडे बघत होत्या. काठावर तीन बोटं टेकलेली होती. माझी. शेजारीच ताटलीत त्या तीन भाकरी. मावशींनी एकदा ताटलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वरची बाजू सुकायच्या आतच भाकरी उलटून टाकली. खूण तव्याला चिकटली.

“बिगडली ही,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “चला, म्होरं कोन?”

बक्षीस एका पक्क्या शहरी मुलाला मिळालं. त्याची भाकरी बऱ्याच अंशी मावशींनीच थापली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गाडीत सामान चढवत होते. मी पाण्याची बाटली भरायला मागच्या दारी गेलो तर मावशी तिथे होत्या.

“आई हाय न्हवं तुजी? ती भाकरीवाली?” त्यांनी हळूच विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

“ह्ये सांगत हुते, सगळ्यात लांब तूच फेकलीस.”

मी बाटलीचं झाकण लावत राहिलो. ते आधीच लागलेलं होतं. मावशी आत गेल्या आणि कागदात गुंडाळलेली एक भाकरी घेऊन आल्या. “दोन गुरांस्नी घातल्या. ही ठिवली हुती. घिऊन जा.” रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गाडीत सगळे गाणी म्हणत होते. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो, भाकरी मोडू नये म्हणून. घरी पोहोचलो तेव्हा आई पीठ चाळत होती.

“कसा हुता डोंगर?”

“चांगला होता.” मी कागद सोडून भाकरी तिच्यापुढे ठेवली. काठ जरा उडाला होता आणि तिळांत माती अडकली होती. तिने बोट फिरवून बघितलं.

“पडली हुती व्हय?”

“फेकली होती,” मी म्हणालो. “मीच फेकली.” एवढं बोलल्यावर बाकीचं अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता. “ती ट्रिप आमचीच होती, आई. मी तुला खोटं सांगितलं.”

ती पदराने तिळांतली माती पुसत होती. पुसून झाल्यावर तिने एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

“ठावं हाय. दुकानदारानं कालेजचं नाव सांगितलं हुतं की.”

“मग तू काही बोलली का नाहीस?”

“तू न्हाय म्हनलास, मग न्हाय.” ती पुन्हा चाळणीकडे वळली. “म्हनून तर धपाटी दिली येगळी. चारचौघांत तुज्यावर ही खायाची पाळी नगं यायाला.”