फ्रीजच्या सुरातलं गाणं

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तो माणूस दिवसाला वीस शब्द बोलला तर खूप. पण सुट्टीच्या दुपारी घरातल्या मागच्या खोलीचं दार लावून तो गिटारच्या तारा पार सैल सोडायचा आणि डूम मेटल वाजवायचा. अतिसंथ, जड, गाळातून पाय ओढत चालल्यासारखं संगीत. गिटार, ड्रम, ओरडणं, सगळं एकट्याचंच.

“तुझ्या बँडमध्ये भांडणं होत नाहीत, तेवढं बरं,” ताई म्हणायची. भाऊबहीण दोघंच राहत.

त्या खोलीत जुना फ्रीज होता. त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायचीच, म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्याने तारा तिच्याशीच जुळवून घेतल्या.

आता परगावचा एक कॅसेटवाला त्याचं पहिलंवहिलं गाणं काढायला तयार झाला होता. बावीस मिनिटांचं गाणं, शनिवारपर्यंत पाठवायचं. चौदा मिनिटं झाली होती. गुरुवारी अर्धी रजा टाकून तो घरी आला, तर खोली गप्प.

“नवा आणला,” ताई म्हणाली. “आवाजच नाही बघ.”

“जुना?”

“भंगारवाल्याने नेला. का रे, त्यात काही राहिलं होतं का तुझं?”

तो तसाच धावत सुटला. भंगाराच्या दुकानात फ्रीज पाठ उघडी टाकून पडला होता.

“मोटर सकाळीच विकली गेली, साहेब.”

सूर जुन्या रेकॉर्डिंगवरून लागला. पण नुसती घरघर त्यात कुठेच सापडेना. रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यावर क्षणभर थांबायचा धीर त्याला कधी नव्हताच. लगेच वाजवायला लागायचा. त्याने पंखा लावून पाहिला, मिक्सर लावून पाहिला. शेवटी उरलेली आठ मिनिटं तशीच वाजवली. ती त्याला उघडीबोडकी वाटली.

शनिवारी त्याने ताईला खोलीत बोलावलं. असं पहिल्यांदाच. ती दाराशी उभी राहून ऐकत होती, तो पाय हलवत होता. चौदाव्या मिनिटाला तिने मान वर केली.

“इथं कुणीतरी उठून गेलं.”

“खटकतं का?”

“नाही. कोण गेलं ते बघावंसं वाटतं. आणि तो पाय थांबव आधी.”

त्याने गाणं पाठवलं, आणि पाठवल्याबरोबर ते परत मागावं असं वाटून खोलीभर फेऱ्या घालू लागला.

“बस ना आता.”

“बसतो,” तो म्हणाला आणि जोडे घालून बाहेर पडला.