उपासाला चालतं

घाटकोपर स्टेशनसमोरच्या उडपी हॉटेलात एक काका रोज सकाळी माझ्याच टेबलावर येऊन बसायचे. बिनसाखरेचा चहा मागवायचा, खिशातली डबी काढायची आणि नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवावं तशी स्वीटनरची एक गोळी कपात सोडायची. मग किती जणांनी पाहिलं, ते मान वळवून बघायचं.

"इडली म्हणजे साखरच रे," माझ्या प्लेटकडे बघून ते म्हणायचे. "पोटात गेल्यावर सगळे कार्ब सारखेच." खरं होतं, म्हणून तर जास्त डोकं फिरायचं. त्यांनी पोळी सोडली होती, भात सोडला होता, फक्त माझा पिच्छा सोडला नव्हता.

संकष्टीला मात्र दोन प्लेट साबुदाण्याची खिचडी चापायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च."

"अरे, उपासाला चालतो तो!" डॉक्टरला हरवल्यासारखे ते हसले.

पुढच्या संकष्टीला ते लंगडत आले. पायाच्या अंगठ्याला जाडजूड बँडेज होतं.

"शुगर वाढलीय," असं म्हणत त्यांनी त्या दिवशी चहात दोन गोळ्या सोडल्या आणि वेटरला हाक मारली, "खिचडी आण. बटाटा जरा जास्त घाल."