अक्का वाचतात, पंखा बंद करा

वाचायला बसण्याआधी गिरिजाअक्का पंखा बंद करायला लावायच्या. ऐन एप्रिलात, आमच्या दुकानातल्या सगळ्यांना घाम फुटलेला असताना. "तुमास्नी वाचायला उजेड लागतो, मला शांतता लागती," म्हणायच्या. अक्का जन्मापासून आंधळ्या. मूळच्या गडहिंग्लजच्या, कोल्हापुरात एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. कॉम्प्युटरवरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्रॅम त्या पुण्याला जाऊन शिकून आल्या होत्या.

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला कागलच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून इकडं आले. टायपिंग शिकून डीटीपीच्या दुकानात लागले. आमच्या मालकांनी एका शाळेची वेबसाइट केली होती, तिच्यावरच्या सूचना मी टाइप करायची. माझं शिक्षण कुणी विचारू नये, ही एकच धास्ती.

अक्कांची मुलगी त्याच शाळेत आठवीत होती. आईला सूचना तीच वाचून दाखवायची, आणि पालकसभेची नेमकी गाळायची. ते उघडकीला आलं तशा अक्का काठी टेकत आमच्याकडे आल्या. पिशवीतून सीडी काढून प्रोग्रॅम बसवायला लावला आणि शाळेची वेबसाइट उघडायला सांगितली. स्पीकरमधून "के, एफ, स्लॅश, के" असलं काहीतरी येत राहिलं. आमच्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसायचं, पण आत इंग्रजी अक्षरांचा भुगा. बाकीच्या सूचना म्हणजे कागदाचे फोटो. तिथं यंत्र गप्पच.

मालक म्हणाले, शाळेतून तुम्हाला फोन करून सांगायची सोय करू. अक्का शांतपणे म्हणाल्या, "सांगणारा सांगंल तेवढंच मला कळणार. घरात बघितलं की."

मुख्याध्यापक फोटो काढून टाकायला तयार नव्हते. सही-शिक्का दिसल्याशिवाय सूचना खरी कशी वाटणार, असं त्यांचं म्हणणं. अक्का त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. "शिक्का राहू दे की सर. खाली मजकूर बी राहू दे. मला शिक्का ऐकू येत न्हाई." सर हसले आणि तिथंच अडकले.

काम माझ्यावर आलं. सगळ्या सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठीच कळेल अशा अक्षरांत, नव्यानं टाइप करायच्या. कळा बदललेल्या, बोटं चुकायची. अक्का रोज ऑफिस सुटल्यावर यायच्या आणि ऐकायच्या. माणूस चूक सांभाळून घेतो, यंत्र लिहिलं तसं वाचतं. 'शिक्षक दीन' असं भर दुकानात घुमलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "दीन कुठलं गं, चांगलं खणखणीत हायत सर." सगळे हसले. मला रडू आलं आणि सातवीचं सांगून टाकलं. वाटलं, आता मालकांकडे दुसरी मुलगी मागतील. अक्का म्हणाल्या, "मला तर फळाबी दिसला न्हाई कवा. लाव परत."

मजकूर झाला तशा त्या फोटोंकडे वळल्या. स्नेहसंमेलनाच्या फोटोंना 'फोटो एक, फोटो दोन' एवढीच नावं होती. कोण नाचतंय, कुणाला बक्षीस मिळतंय, ते प्रत्येकाखाली लिहायला लावलं. चार महिने लागले. एक दिवस सुटला नाही.

मग एका दुपारी दुकानात फोन आला. अक्का त्यांच्या ऑफिसातून बोलत होत्या. तिथल्या कॉम्प्युटरवर, शेजारी कुणीही नसताना, त्यांनी शाळेची नवी सूचना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली होती. मी विचारलं, पालकसभेची का?

"न्हाई. बाहेरून धावीला बसणाऱ्यांची. सतरा नंबरचा फॉर्म. शनवारपातूर मुदत हाय. तूच टाइप केलीस न्हवं?"

मी हो म्हटलं.

"आणि वाचली न्हाईस?"

शुक्रवारी रजा काढून अक्का मला शाळेत घेऊन गेल्या. मी फॉर्म भरत होते, त्या शेजारी काठी धरून बसलेल्या. प्रत्येक रकाना मोठ्यानं वाच म्हणाल्या. 'शाळा सोडल्याचे कारण' इथं मी थांबले.

"काय खरं हाय ते लिव."

मी 'लग्न' लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.