गुणवंता नापास झाला असता तर

गुणवंता सोमकुवर जिवंत आहे. सौसरला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहतो, वय त्रेपन्न. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवा स्टँडवर एकजण म्हणाला, "मस्त डायवर होता बे गुणवंता." मी त्याची कॉलर धरली. मग सोडून दिली. तो खोटं काय बोलला?

गुणवंताचा बाप मोहगावात दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात पाणी वळायचा. पोरानं विसाव्या वर्षी स्टिअरिंग धरलं आणि बत्तीस वर्षं सौसर ते जामसावली जीप चालवली. मंगळवार-शनिवारी मारुतीच्या दर्शनाची गर्दी, म्हणून शर्टाला इस्त्री. रस्त्यावर बाईनं हात वर करायच्या आधीच याचा पाय ब्रेकवर जायचा. नजरेचा त्याला भारी गर्व. "भाऊ, समोरची गाडी कोनाची, हे मी नंबर दिसायच्या आधी सांगतो," असं म्हणायचा आणि सांगायचाही.

चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यानं काचबिंदूवर संशोधन काढलं. चाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरांचे डोळे दर सहा महिन्यांनी तपासायचे. या रोगात डोळ्यातला दाब वाढून नस सुकत जाते, कडेचं दिसणं आधी जातं, आणि गेलेलं परत येत नाही. माणसाला काही कळायच्या आत ते यंत्राला कळतं का, हे त्यांना पाहायचं होतं. ड्रायव्हर संघटनेचा अध्यक्ष मी. शाळा आठवीपर्यंतच, पण संमतीचा सहा पानी कागद मीच सगळ्यांना वाचून दाखवला. लायसनचा त्यात कुठंही उल्लेख नव्हता.

पण आमच्या स्टँडला डोळ्यांची तपासणी म्हटली की एकच ठाऊक. लायसनच्या दाखल्यासाठी डॉक्टरकडं जो अक्षरांचा तक्ता असतो, तो आम्ही आधीच पाठ करून जातो. जुना ड्रायव्हर नव्याला शिकवतो. मीही शिकवलाय. नागपूरला तपासणीला निघताना गाडीत बसता बसता मीच म्हणालो, "पोट्टेहो, नाक कापू नका. सगळे पास व्हा."

यंत्र म्हणजे पांढरा घुमट. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आजूबाजूला बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. गुणवंता बाहेर आला तो हसतच.

"भाऊ, सोपं हाय. लाइट दिसो का नाही दिसो, मशीन बारीक टिकटिक करते. टिक झाली का दाबलं बटन."

"आन् आपल्या स्टँडचा शालिकराम?"

"तो बसला लाइटची वाट पाहात. बावळट हाय."

शालिकरामला काचबिंदूची सुरुवात निघाली. थेंब दिले. आम्ही महिनाभर त्याला 'नापास' म्हणून हाक मारली.

आठ दिवसांनी त्या दवाखान्यातल्या डॉक्टर उर्वशी मॅडमचा गुणवंताला फोन आला, परत या म्हणून. तो गेला नाही. दुसरा आला, गेला नाही. तिसऱ्याला त्यानं स्टँडवर फोन माझ्या हातात दिला.

मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या डोळ्यातला दाब जास्त आहे. आणि दिव्याच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. यंत्र मधूनमधून दिवा न लावता नुसता आवाज करतं. त्यांनी तेव्हाही बटण दाबलंय."

मला सगळं ठाऊक होतं. तरी टाळकं फिरलं. भोवती वीस ड्रायव्हर ऐकत उभे. मी ओरडलो, "म्हणजे आमचा माणूस खोटारडा? आमच्या वस्तीतला आहे म्हणून? लायसन काढून घ्यायचा डाव आहे तुमचा!"

"दादा, लायसनशी आमचा संबंध नाही. फक्त एकदा पाठवा त्यांना."

मी दवाखान्याला लेखी तक्रार ठोकली. त्यांनी गुणवंताचं नाव संशोधनातून काढलं, सहभागाला नकार असं लिहून. आम्ही स्टँडवर चहा प्यालो. जिंकलो होतो ना!

गेल्या वर्षी मोहगावहून येताना रस्त्याच्या कडेला हात करून उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोला, यमुनाला, सोडून तो पुढं निघून गेला. घरी भांडण झालं, आम्ही हसलो. दोन महिन्यांनी जामसावलीच्या वळणावर डावीकडून आलेला मोटरसायकलवाला त्याला दिसलाच नाही. त्या पोराचा पाय मोडला. तेव्हा मी गुणवंताला नागपूरला नेलं.

पुन्हा तोच घुमट. मी दाराशी उभा होतो. टिकटिक ऐकू येत होती आणि गुणवंताचा अंगठा हालत नव्हता. मला वाटलं ओरडावं, दाब रे! डावा डोळा संपलेला. उजव्याला नळीतून पाहावं तेवढं मधलं उरलंय, तेही कमी होत चाललंय.

तो मॅडमना म्हणाला, "मले परत नाव लिहून घ्या. आता खरं खरं दाबतो."

मॅडम हळूच बोलल्या, "काका, ते संशोधन रोगाच्या सुरुवातीला असलेल्या पेशंटसाठी होतं. थेंब देते. उरलंय ते टिकवू." मला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना त्यांनी एवढं सांगितलं, हा रोग सख्ख्या भावंडांत उतरतो, भावाला लवकर आणा. गुणवंताचा धाकटा भाऊ विनोद आता तीच जीप चालवतो. मी सहा वेळा त्याच्या मागं लागलो. काल मंगळवारी गाडीपुढंच उभा राहिलो.

"विनोद, चल नागपूरले."

"कायले? मले चांगलं दिसून राहिलं."

"गुणवंतालेबी दिसतच होतं."

तो स्वारीच्या पिशव्या टपावर बांधत होता. "तुमीच तं फोनवर त्या मॅडमले झापलं होतं ना भाऊ? लायसन काढाचा डाव हाय म्हून? मी इथंच उभा होतो."

"मी चुकलो ना बाबू."

"दादाची गाडी सुटली. आता माहीबी सोडवता का? दादाच्या घरचं खानं याच गाडीवर हाय. सरका, स्वाऱ्या बसल्या."

त्यानं हॉर्न दिला. सरकारी साहेबांच्या गाडीपुढं दोन-दोन तास आडवा पडलेला माणूस मी. काल बाजूला झालो. जीप निघाली. मी तिच्या डाव्या अंगाला उभा राहून हात वर केला. त्यानं पाहिलं नाही. राग होता, की दिसलंच नाही, ते मला कळायला मार्ग नाही.