मीठ मारलेला बर्फ

जोहे गावात कुणाला बर्फ लागला की हाक जनूलाच जाते. हळद असो, मयत असो, नाहीतर मासळीवाल्या बायांच्या टोपल्या असोत. पहाटे पेणच्या कारखान्यातून लाद्या उचलायच्या, गोणपाटात गुंडाळायच्या, टेम्पोत घालायच्या आणि ऊन चढायच्या आत खाडीकाठची गावं करून मोकळं व्हायचं. एवढ्या गरम डोक्याच्या माणसाला देवानं हाच धंदा कसा दिला, असं आळीतल्या बाया पदराआड विचारतात. देवाला काळजी असते, हे त्याचं उत्तरही त्याच देतात.

जनूचा बापूस मिठागरात राबला. त्यामुळे मीठ आणि बर्फ या दोन विषयांवर जनूपुढे कुणी बोलू नये. नुसता बर्फ म्हणजे होमगार्ड, तो सांगायचा, अंगावर खाकी आहे पण भीती कुणाला नाही. त्यावर खडे मीठ मारलं की तोच फौजदार होतो. हे खरंही होतं. मीठ पडलं की बर्फ एवढा थंड होतो, की त्यात पुरलेली सुरमई लाकडासारखी वाजते. लांब पाठवायच्या मासळीवर जनू मूठमूठ मीठ उधळायचा. पण घरी खायला तीच मासळी कुणी दिली तर नाक मुरडायचा. दगड करून वितळवलेली मासळी पाणी सोडते, तिचा चोथा होतो, म्हणायचा. नुसतं बोटानं दाबून तो ओळखायचा, की ही एकदा गोठून परत आलेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. त्यानं ठेवली नाही.

त्याची बायको काशीबाई धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीनं धवले गायल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही, आणि जिते गावापासून रामवाडीपर्यंत ज्यांना परवडायचं ते काशीबाईलाच बोलवायचे. आवाज असा, की मांडवात दारू पिऊन भांडणारे गप्प बसायचे, आणि तेवढी ताकद पोलीसपाटलातही नव्हती. लग्नघरातून येताना तिच्या ओटीत गूळखोबरं असायचंच. गळा गोड राहायला गोड लागतं गो, असं ती स्वतःच हसत सांगायची. हे वाक्य पुढं तिच्यावरच उलटणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक.

पन्नाशी ओलांडली तशी ती वाळू लागली. तहान लागायची, रात्री सारखं उठावं लागायचं. पेणच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि गोळ्यांवर भागणार नाही, इन्सुलिन टोचावं लागेल, असं सांगितलं. दोन वेळा, पोटाला. काशीबाईला सुईची भीती, म्हणून टोचायचं काम जनूनं घेतलं. दवाखान्यातल्या नर्सनं बाटली हातात देताना बजावलं, की हे थंडाव्यात ठेवायचं. फ्रीज नसेल तर पाण्याच्या मडक्यात ठेवलं तरी चालेल.

मडकं म्हटल्यावर जनूला हसूच आलं. बर्फवाल्याच्या बायकोचं औषध मडक्यात? गावात कुणाला तोंड दाखवणार? घरात फ्रीज होता, मुलीनं दिलेला, पण खाडीच्या हवेनं त्याला गंज चढला होता आणि त्यात पापडाचे डबे राहायचे. शिवाय वायरमनच्या भरवशावर जनू आपली म्हैससुद्धा सोडणार नव्हता. त्यानं थर्माकोलचा एक नवाकोरा डबा आणला, त्यात बर्फ फोडून भरला, वर खडे मीठ मारलं आणि मधोमध, मासळीतला पापलेट ठेवावा तशी, ती बाटली पुरली. रोज सकाळी बर्फ बदलायचा, मीठ मारायचं. एवढी सेवा त्यानं आपल्या आईचीही केली नव्हती, असं आळीत सगळे म्हणाले, आणि कौतुकानं म्हणाले.

बाटली कधीकधी पार गोठायची. मग जनू ती काखेत धरून ओटीवर बसायचा. विरघळेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा. दुधाळ औषध ते, विरघळल्यावर त्यात कण दिसायचे, काचेला चिकटायचे. जनूला वाटलं, दाट झालं, म्हणजे कस उतरला. जोरात हलवून तो सुईत ओढायचा आणि बायकोला म्हणायचा, डोळे मीट.

महिना गेला, साखर उतरेना. डॉक्टरनं मात्रा वाढवली. तरी उतरेना. औषध थंड ठेवता ना, त्यानं विचारलं. आमच्याइतकं थंड तालुक्यात कुणी ठेवत नसेल, जनूनं छाती फुगवून सांगितलं. डॉक्टर हसला, आणि मग दुसरा प्रश्न त्यानं काशीबाईकडे बघून विचारला, की घरात गोड कोण खातं.

इथून सगळं बिघडलं. जनू घरी आला तो बायकोकडे चोराकडे बघावं तसा बघू लागला. काशीबाई सांगत होती, की तिनं गुळाला हात लावलेला नाही, चहासुद्धा कोरा पिते. पण जिच्या ओटीत तीस वर्षं गूळखोबरं पडलं, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? आळीतल्या धोंडुबाईनं तर कुणाच्या तरी हळदीत काशीबाईला दोन जिलब्या उचलताना पाहिलं होतं. कुठल्या हळदीत, ते तिला आठवत नव्हतं, पण जिलब्या दोन होत्या हे नक्की होतं. बातमी नळावर भरली आणि घराघरात गेली. काशीबाई रस्त्यानं निघाली की पोरंसुद्धा जिलबीचा आकार हवेत काढायची.

जनूनं गुळाची ढेप पत्र्याच्या पेटीत घातली आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला. काशीबाई बघत उभी राहिली.

"गूळ कुलपात घातलास," ती म्हणाली. "आता मला पण घाल."

"तू खातंस म्हनून साखर चढते. दवा तर रोज टोचतोय मी."

"तुज्या हातानं टोचतंस ना? मग मी खाल्ला नाय ते तुला कलत नाय?"

 पुढच्या हंगामात त्यानं तिला लग्नांना जाऊ देणंच बंद केलं. मांडवात गेली की खाणार, म्हणून बोलावणं आलं की दारातूनच परत पाठवायचा, तिला बरं नाही असं सांगायचा. ज्या मांडवांत तिचे धवले घुमायचे, तिथला लाऊडस्पीकरवरचा डीजे आता तिला घरात बसून ऐकू यायचा. घरात ती गात नसे. धवला हा मांडवात गायचा, भिंतींना नाही, असं तिनं एकदा शेजारणीला सांगितलं, तेवढंच.

पावसाच्या तोंडाशी खाडीत चिंबोऱ्या धरताना तिच्या पायाला कालवाची शिंप लागली. बारीकसा काप, पण भरेना. हळद भरली, पाला बांधला. अंगठा काळा पडला, मग त्याच्या बाजूचं बोट. वास येऊ लागला तेव्हा जनूनं आळीला न सांगता मुलीला फोन केला.

मुलगी भाविका, रोह्याला दिलेली. तिथल्याच एका कंपनीत प्रयोगशाळेत शिफ्ट करायची. दुसऱ्या सकाळी आली ती आईचा पाय बघून ओटीवरच बसली. आईला आजच रोह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. निघायच्या आधी सकाळचं इंजेक्शन राहिलंय म्हणून जनूनं डबा उघडला, बर्फ खरवडला, बाटली काढली आणि सवयीनं काखेत धरली.

भाविकानं ते पाहिलं. तिनं बाटली मागून घेतली, उलटी केली. आतला पांढरा गोळा हलला नाही.

"बाबा, हे रोज असंच गोठतं?"

"मग? मीठ मारतो ना वर. तुजा फ्रीज काय देनार एवढी थंडी."

 तिनं हळू आवाजात सांगितलं. इन्सुलिन म्हणजे प्रथिन, मासळीच्या मांसासारखंच, पण फार बारीक. दोन दोऱ्या असतात, एक लांब, एक आखूड, एकमेकींना गाठींनी बांधलेल्या आणि नेमक्या घडीत दुमडलेल्या. ती घडी शाबूत असेल तरच ते शरीरात जाऊन साखरेला वाट करून देतं. एकदा गोठलं की घड्या विस्कटतात, दोऱ्या एकमेकींत अडकून बसतात. मग कितीही वितळवलं तरी पहिल्यासारखं होत नाही.

"जाळ्याचा गुंता झाला की सूत तेवढंच राहतं ना, बाबा. वजन पण तेवढंच. पण मासळी लागते का त्यात?"

जनूनं बाटलीतल्या कणांकडे बघितलं. गोठून परत आलेली मासळी त्यानं आयुष्यभर बोटानं ओळखली होती. चोथा झालेली सुरमई बाजारात त्यानं किती जणींच्या तोंडावर फेकली होती. आतून काशीबाई सगळं ऐकत होती.  रिक्षात बसताना तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला नाही, दाराची चौकट धरली.

रोह्याला नवी बाटली सुरू झाली आणि चार दिवसांत साखर उतरायला लागली. तेच जेवण, तीच बाई. दवाखान्यातल्या खाटेवर तिचा खरेपणा असा आकड्यांत दिसू लागला, आणि जनू तो आकडा रोज नर्सला विचारायचा आणि ऐकला की बाहेर जाऊन उभा राहायचा. पाय मात्र थांबला नाही. आधी दोन बोटं गेली, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

जोह्यात परतल्यावर जनूनं एक काम केलं. बर्फ द्यायला ज्या ज्या दारात थांबला तिथं लादी उतरवायच्या आधी सांगितलं, की माझ्या बायकोनं गूळ खाल्ला नव्हता. कुणी विचारलं नव्हतं. धोंडुबाईच्या दारात तर दोनदा सांगितलं. ती म्हणाली, मी कुठं काय म्हटलं होतं. मासळीबाजारात, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात, एका मयताच्या घरात, जिथं बर्फ प्रेताखाली घालायचा होता, तिथंसुद्धा. लोक मान हलवायचे आणि बर्फ लवकर उतरव म्हणायचे. आळीत आता नवा विनोद निघाला, की जनूची साखर डोक्यात गेली.

काशीबाई परत आली नाही. दवाखान्यातून ती भाविकाकडेच राहिली. जनू दर रविवारी पेणहून गाडी धरून रोह्याला जातो. पहिल्यांदा गेला तेव्हा करगोट्याची किल्ली सोडून त्यानं तिच्यापुढं धरली.

"घरी चल, काशे. पेटी तूच उघड."

"कुलूप तुजा," ती म्हणाली. "मला किल्ली कशाला?"

तो किल्ली घेऊन परत आला. पेटी त्यानं नंतर स्वतःच उघडली. गूळ मुंग्यांनी कधीच नेला होता, तळाला चिकट डाग तेवढा उरला होता.

तरी तो जातो. एकदा जाताना बाजारातून एक छोटं मडकं घेऊन गेला होता, लाईट गेली तर औषधाला असावं म्हणून. भाविकाच्या घरी फ्रीज चांगला आहे, पण तिनं ते ठेवून घेतलं. त्यातलं पाणी जनू रविवारी बदलतो. बाटलीला त्याला हात लावायला मिळत नाही. टोचायचं काम आता भाविका करते.

नातीचं नाव किमया, शाळेत जाते, आणि आजी तिला धवले शिकवते. कुबड्या भिंतीला टेकवून, पाय नसलेल्या बाजूला उशी घेऊन ती गाते. आवाज बारीक झालाय, पण रस्त्यापर्यंत येतो. जनूला तो जिन्याच्या पहिल्या पायरीवरच ऐकू येतो. पहिल्या एक-दोन वेळा तो तसाच वर गेला. दार उघडलं की गाणं थांबायचं. काशीबाई पदर सारखा करायची, जेवलास का विचारायची आणि किमयाला अभ्यासाला बसवायची.

आता तो वर जात नाही. जिन्यात बसतो. येणारेजाणारे विचारतात, काका, कुणाकडे? तो बोटानं वर दाखवतो आणि गप्प राहा म्हणून खुणावतो. नवरीच्या हळदीपासून बोळवणीपर्यंत सगळे धवले संपेपर्यंत बसून राहतो. मग उठतो, पायांचा आवाज होईल असा वर चढतो आणि दार वाजवतो.