सिंधूनं शिवलं

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, आईला न्हाई, देवाम्होरंबी तोंड उघडलं न्हाई. आज तुमाला सांगतेय — कावून, ते मलाच कळंना. तुमी आमच्या घरातले न्हाईत, म्हणून आसंल.

आमी चकलांब्याकडचे मेंढरंवाले. आमच्यात जेन करत्यात. जेन म्हंजी विणलेली घोंगडी न्हाई बरं का. लोकर पिंजायची, थर अंथरायचा, खळ शिंपडून गुंडाळायचा आन् पायानं तुडवत ऱ्हायचं, कंबरडं मोडंस्तोवर. लोकर एकजीव झाली की झालं जेन. मोठं पायजे आसंल तर दोन तुकडे दाभणानं जोडायचे, कडा शिवायच्या. त्या साली देवाच्या ठाण्यावर अंथरायला जेन करायचं व्हतं. शिवायचं काम आमा दोघी जावांकडं — मी थोरली, सिंधू धाकली. देवाचं जेन, म्हणून सोवळं लई. पाळीतल्या बाईनं त्याला शिवायचंबी न्हाई.

मला तवा दोन म्हयने पाळी आली नव्हती. लग्नाला सात वरसं झालती. सात वरसं आत्याबाईंनी — माझ्या सासूनं — मला वांझोटी म्हणून हिणवलं, आन् आता त्याच मला बसल्या जागी ताट आणून देत व्हत्या. सांगा, ते ताट कुणाला सोडवंल?

मधली शिवण निम्मी झाली आन् मला कळलं. बाईला कळतंच. उठायला पायजे व्हतं. पण उठले आसते तर — सगळंच गेलं आसतं. मी बसून ऱ्हायले. दाभण चालवत ऱ्हायले. शेवटची कड सिंधूनं शिवली, आन् जेन देवाला गेलं.

तिसऱ्या दिवशी कोकरं मरायला लागली. रोग आसंल, काय आसंल, कुणाला ठावं. आत्याबाई छाती बडवत आल्या — 'जेनाला कोण शिवलं?'

'सिंधूनं शिवलं,' म्हणाले मी.

खोटं व्हतं का ते? कड तिनंच शिवलती की! आत्याबाईंनी इचारलं विटाळाचं, मी सांगितलं सुईदोऱ्याचं. एका 'नं'चा फरक. छाती बडवणाऱ्या बाईला तो 'नं' ऐकू येतो व्हय? न्हाई येत. मला ठावं व्हतं, म्हणून तर तसं म्हणाले.

थांबा — एवढ्यावरच भागलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ते पाळीचंच रगत दाखवून मी सांगितलं, 'पोट पडलं.' आत्याबाईंनी मला कवेत घेतलं, आन् मग सिंधूला झिंज्या धरून अंगणात वढलं. 'अगं अवदसे, तुझ्या विटाळानं माझा नातू खाल्ला!' सिंधू हात जोडून म्हणत व्हती, 'देवाआन, मी तशी शिवले न्हाई.' मी रडत बसलते. ते रडू खरं व्हतं. त्याचीच जास्त लाज वाटती.

तिच्या भावाला बोलावून तिला घाटनांदूरला धाडलं. माझ्या दिरानं दुसरी केली. मला परत कधी दिवस गेले न्हाईत. त्याचाबी बोल आत्याबाईंनी सिंधूलाच लावला. लावू दिला मी.

गेल्या साली काही कामानं घाटनांदूरला गेलते. स्टँडवर सिंधू भेटली. निम्मे केस पिकलेले. भावाच्या घरी भाकरी थापती, भावजयीची बोलणी खाती. मी तोंड फिरवलं तरी तिनं हाताला धरून बसवलं, चहा पाजला. म्हणाली, 'अक्का, जेन शिवलं त्या दिवशी मी तुमाला हिरीवर फडकं धुताना बघितलं व्हतं. म्हणलं, आपण कावून सांगायचं? आज ना उद्या तुमीच सांगताल.' राग न्हाई, काय न्हाई. शिव्या घातल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

गाडी लागली, बसले.

आत्याबाई आता थकल्यात, पण कान शाबूत हाईत. मी घरी आले तवा दारातच बसल्या व्हत्या.

'कोण भेटलं का गं तिकडं?'

'न्हाई,' म्हणाले मी, आन् त्यांना पाणी दिलं.