टँटी ओटलीचा पांढरशेपट्या

माझ्या आईची थोरली बहीण, टँटी ओटली, टोबॅगो बेटावरच्या आमच्या रॉक्सबरो गावात पाच वर्षं खोटारडी म्हणून वावरली. खरं काय घडलं ते गावात फक्त मला माहीत होतं, आणि तिने मला शपथ घातली होती.

त्रेसष्ट साली फ्लोरा वादळाने तिचा नवरा नेला. कोकोच्या बागेत झाड अंगावर पडून तो गेला. त्याच दुपारी वरच्या डोंगररांगेवरचं जंगल जमिनीला टेकलं. पुढे जंगलखात्याने नवी रोपं लावायला बायकांच्या टोळ्या केल्या. आमच्या टोळीची मुकादम टँटी होती आणि मी तिच्या हाताखाली खड्डे खणायची.

वादळानंतर त्रिनिदादहून पक्ष्यांचे जाणकार आले, आठवडाभर डोंगरात फिरले आणि लिहून गेले की पांढरशेपट्या टोबॅगोतून संपला. हमिंगबर्ड आमच्याकडे दारातल्या जास्वंदीवरही येतात, त्याचं कुणाला नवल नाही. पण पांढरशेपट्या हा डोंगरावरच्या दाट झाडीतला हमिंगबर्ड. बोटाहून लांब, हिरवा, निळ्या-जांभळ्या गळ्याचा, शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या. झाडीच राहिली नाही तर तो कुठून राहणार, असं आम्हीही म्हणायचो.

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत टँटी पाणी भरायला एका अरुंद घळीत उतरली. वादळ त्या घळीच्या वरून गेलं होतं, आत शिरलं नव्हतं. तिथे तिला तो आवाज ऐकू आला, चिप, चिप, चिप, न थांबता. वाळक्या फांदीवर नर बसला होता. ओढ्यावर झुकलेल्या नेच्याच्या पानावर वाटीएवढंही नाही असं घरटं होतं आणि त्यावर मादी.

ती वर आली तेव्हा बादली रिकामीच होती. तिने मला सांगितलं आणि त्याच आनंदात आमच्या फॉरेस्टरला, मिस्टर कारुथना, सांगून बसली.

"मिस ओटली, ऊन लागलंय तुम्हाला," कारुथ हसले. "साधा हिरवा असेल."

"साध्याची शेपटी मी जन्मभर दारात बघतेय. मला शिकवू नका."

कारुथांनी वर पत्र धाडलं. नवव्या दिवशी एक परदेशी पाहुणे आले, मिस्टर व्हिटकॉम. कुठल्याशा मोठ्या संग्रहालयाचे. वाट टँटीने दाखवायची असं ठरलं. तिला वाटलं, गृहस्थ फोटो काढतील. पण त्यांनी कारुथांच्या ओट्यावर सामान सोडलं तेव्हा त्यातून निघाली बंदूक, बारीक छर्ऱ्यांची डबी आणि कापूस.

"हे कशाला?" टँटीने विचारलं.

"दोन पक्षी मारून न्यायचा परवाना आहे," व्हिटकॉम म्हणाले. बोलायला माणूस सौम्य होता. "पक्षी हातात असल्याशिवाय कुणी मानत नाही, बाई. मी नुसतं पाहिलं म्हटलं, तर उद्या कुणीही काहीही पाहील."

"आणि दोनच उरले असतील तर?"

कारुथांनी तिला बाजूला घेतलं.

"नीट ऐका. त्या उतारावर सगळं साफ करून पाइन लावायचा विचार चाललाय खात्यात. पक्षी आहे असं ठरलं तर तो उतार वाचेल. नाही ठरलं तर घळही जाईल, घरटंही जाईल. एक पक्षी गेला तर गेला, मिस ओटली."

टँटी मला म्हणायची, "तो माणूस वाईट बोलत नव्हता गं. तीच तर पंचाईत."

पहिले दोन दिवस तिने व्हिटकॉमना उलट्या बाजूच्या घळींतून फिरवलं. चिखल, काटे, नुसती दमछाक. दुसऱ्या संध्याकाळी बूट काढता काढता ते म्हणाले, "पाणी भरायला तुम्ही इतक्या लांब येत होतात का?" 

तिसऱ्या सकाळी त्यांनी तिला वाट विचारलीच नाही. रोपांच्या रांगेपासून सगळ्यात जवळची घळ धरली आणि थोडं उतरताच थांबून कान दिले. चिप, चिप, चिप.

टँटी मागोमाग धावली, घसरली, गुडघा फुटला. खाली पोचली तर व्हिटकॉमनी बंदुकीला छर्रे भरले होते. नर त्याच फांदीवर होता, वीस पावलांवर. घरटं त्यांना अजून दिसलं नव्हतं.

ती सरळ ओढ्यात उतरली आणि बंदुकीच्या समोर उभी राहिली.

"बाजूला व्हा."

"नाही होणार."

"माझ्याकडे सरकारी परवाना आहे."

"त्यात माझं नाव आहे का? मग नाही घालता येणार गोळी."

तरी तो वेडा पक्षी उडेना. तिच्या डोक्यावर गात राहिला. व्हिटकॉम एक पाऊल डावीकडे सरले, तीही सरली. ते उजवीकडे, तीही उजवीकडे. शेवटी तिने ओढ्यातला गोटा उचलला आणि पाठीमागे वळून पक्ष्यावरच भिरकावला. नर उडाला. त्या आवाजाने मादीही घरट्यावरून उठली, आणि घरटं व्हिटकॉमना दिसलं.

ते दगडावर बसले, बंदूक मांडीवर. मादी अंडी सोडून लांब जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. टँटी त्या नेच्याला डोकं लावून उभी राहिली, म्हणजे मादीवर नेम धरायचा तर तिच्यावरच धरावा लागेल. पाणी गुडघ्यापर्यंत गार. मादी यायची, माणसं बघून परत फिरायची. प्रत्येक खेपेला टँटीला वाटायचं, अंडी निवताहेत, आपण वाचवतोय की मारतोय? हलले तर हा बार काढतो, न हलले तर अंडी जातात. असा तासभर गेला असेल. ती जागची हलली नाही.

व्हिटकॉमनी छर्रे काढून डबीत टाकले.

"मी लिहीन की मिळाला नाही," ते म्हणाले. "पाहिला, असं मला लिहिता येत नाही. समजतंय ना? कागदावर हा पक्षी इथे नसेल. तुम्ही बोललात तर तुमचं कुणी ऐकणार नाही, आणि माझा कागद तुमच्या विरुद्ध असेल."

"लिहा."

"ही झाडं तोडली तर?"

"तेव्हाही इथेच उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मादी घरट्यावर होती. पुढे एकच पिल्लू निघालं. दुसरं अंडं तसंच राहिलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण मला दाखवायला घेऊन गेली होती.

कारुथांची खात्यात फजिती झाली. मुकादमी दुसऱ्या बाईकडे गेली. दुकानात कुणीतरी हटकून विचारायचं, "टँटी, आज काय दिसलं? समुद्रात घोडा?" ती मीठ-मासे पिशवीत टाकून निघून यायची. मी एकदा चिडून तोंड उघडणार होते. तिने दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता. "आज तू बोलशील, उद्या दुसरा बंदूक घेऊन येईल."

एकाहत्तरमध्ये त्या उतारावर मोजणीचे खुंट ठोकले गेले, घळीच्या काठापर्यंत. ते वर्षभर ती धड जेवली नाही. रोज डोंगर चढायची, कुऱ्हाडीचा आवाज येतो का बघायला. मग काम थांबलं. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

चौऱ्याहत्तरमध्ये आणखी काही माणसं आली, या वेळी जाळी घेऊन. त्यांनी तिथून दोन टेकड्या पलीकडे पांढरशेपट्या धरला, मापं घेतली, फोटो काढले आणि सोडून दिला. संपलेल्यांच्या यादीतून टोबॅगोचा पक्षी परत आला. मी धावत तिच्याकडे गेले.

"दुसरीकडे सापडला?" तिने विचारलं. "म्हणजे माझेच तेवढे उरले नव्हते." आणि ती खाली बसली. ते अंडं आणि ती पाच वर्षं एकदम आठवली असावीत. बराच वेळ रडली.

आठवड्याने कारुथ आले, आता निवृत्त, हातात टोपी. तिने त्यांना गरम बेक, म्हणजे आमची घरची रोटी, आणि कोको दिला.

"मिस ओटली, मी त्या लोकांना तुमचं नाव सांगतो. सगळ्यात आधी तुम्ही पाहिला."

"नको."

"अहो, गावाचं तोंड तरी बंद होईल."

"पहिला प्रश्न काय विचारतील? घळ कुठली," टँटी म्हणाली. "कोको घ्या, निवतोय."

कारुथांनी पेला उचलला. नंतर ते गावभर सांगत फिरले की ओटली ट्रिम खरं बोलली होती. लोकांनी निम्मं मानलं. ती घळ मात्र तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही, आणि मीही सांगत नाही.